दोन ठिपके आणि एक चंदेरी पिशवी

होडी दोघांची होती. बाबांनी जाताना अर्धी मुलाला दिली, अर्धी मुलीला. कुठली अर्धी कुणाची, ते सांगायचं राहून गेलं. मुलगी पुढची अर्धी आपली धरून चालायची, कारण पुढची अर्धी कुठेतरी जाते.

मुलगी आता पन्नाशीची. धक्क्यावर तिला शिडवाली म्हणत. गोदामाच्या माळ्यावर फळ्यांच्या जमिनीत खड्डा करून शिलाई मशीन बसवलेलं, म्हणजे शिडाचं कापड जमिनीवरच पसरून पुढे सरकवता येतं. त्या खड्ड्यात पाय सोडून तिने जन्मभर लोकांची शिडं शिवली. शिडं समुद्र ओलांडून गेली, फाटून परत आली, तिने पुन्हा शिवली, पुन्हा गेली.

शिवणारी बंदरापलीकडे कुठेच गेली नाही.

यंदा जाणार होती. एकटी. किनारा दिसेनासा होतो त्याच्याही पलीकडे, थेट बेटापर्यंत. वारा फिरायच्या आत.

"जा की," दादा म्हणाला. "तुझी अर्धी घेऊन जा."

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. वर-खाली कितीही न्या, काही होत नाही, पण आडवं हललं की पोटात ढवळतं, असं तो स्वतःच सांगे. लहानपणी बाबांनी त्याला एकदाच होडीत घातलं होतं. त्याने बाबांचे बूट भरून टाकले. तेव्हापासून समुद्राशी त्याचा व्यवहार धक्क्यावरूनच. त्याची अट एकच: ठमी, म्हणजे ही बहीण, कुठे आहे ते त्याला घरी बसून दिसलं पाहिजे. न दिसलं तर त्याची अर्धी बांधलेली राहणार, आणि दुसरी अर्धी काय सुटून जाते होय!

म्हणून दोघं बोटींच्या सामानाच्या दुकानात.

काउंटरवर तीन यंत्रं. एक नारिंगी, साबणाच्या वडीएवढं. ते थोड्या थोड्या वेळाने उपग्रहाला आपला ठावठिकाणा सांगायचं, की घरच्या नकाशावर ठिपका पुढे सरकायचा. एक बटण 'सगळं ठीक'चं, एक झाकणाखाली, जिवावर बेतलं तर दाबायचं. बस्स. दुसरं काळं. त्यात ठिपका होताच, शिवाय मेसेज लिहायचा, आलेला वाचायचा, हवामान मागवायचं. तिसरा उपग्रहाचा फोन. त्याची अँटेना लाटण्याएवढी. दादाने तो कानाला लावून पाहिला आणि परत ठेवला.

"हा नको. ही समुद्रातूनसुद्धा भांडेल."

"मुकं हवं की बोलकं?" शिडवालीने दोन्ही हातांत एकेक धरलं. तिचे डोळे असे चमकत होते, की दुकानातल्या बाईने किमतीचं बोलणं पुढे ढकललं.

"मुकं," दादा म्हणाला. "जितके भाग कमी, तितके बिघाड कमी."

"मग तुमच्या लिफ्टमध्ये घंटा असताना वर तो बोलायचा इंटरकॉम कशाला रे?"

"ते वेगळं. माणूस अडकतो, घंटा दाबतो. मला पोचायला वेळ लागतो. म्हणून आधी इंटरकॉमवर म्हणायचं, 'ऐकलं'. तेवढ्याने माणूस निम्मा सुटतो."

"मग?"

"मग काय? तू लिफ्ट आहेस का?"

बाईने भांडण मिटवलं. "दोन्ही न्या एका दिवसासाठी. पटेल ते ठेवा. फक्त उघडं आकाश लागतं हं, छताखाली चालत नाहीत."

"छताखाली कशाला ठेवतेय!" शिडवाली म्हणाली.

आणि सरळ माळ्यावर गेली. मशीनखालच्या पेटीतून तिने ठेवणीतलं कापड काढलं. चंदेरी, धातूचा मुलामा दिलेलं. गुंडाळलेली शिडं उन्हात झाकायला वापरतात ते. खारं पाणी त्याच्यातून जात नाही, ऊन जात नाही. त्याची तिने बोलक्यासाठी पिशवी शिवली. दुहेरी. वर खोल झडप. कडेने दोन शिलाया, कोपऱ्यांवर ठिगळं, लाइफ जॅकेटला अडकवायला बंद. पहिल्या वाढदिवसाचं झबलं शिवावं तशी शिवली. शिवताना शीळ घालत होती.

छत तिने शिवलंच होतं. तिला ते छत वाटलं नाही, इतकंच.

ठरलं ते असं. मुकं होडीच्या मागच्या कठड्याला. बोलकं तिच्या अंगावर. दादा घरी, दोन्ही ठिपक्यांसमोर. तिने सकाळी निघायचं, किनारा पुसट होईपर्यंत जायचं, परत फिरायचं. तिचा फोन वहिनीकडे जमा. "परीक्षा म्हणजे परीक्षा," वहिनी म्हणाली, "कॉपी करायची नाही."

बंदराच्या तोंडाशी शिडवालीने बोलकं सुरू केलं, कौतुकाने पाहिलं, पिशवीत घातलं आणि झडप दाबून लावली.

मग वारा!

शीड फटकन भरलं. तिनेच कापलेलं, तिनेच शिवलेलं, आणि आज पहिल्यांदा खुद्द तिच्यासाठी फुगलेलं. होडी एका कुशीवर झुकली, पाणी कडेला घासून पळायला लागलं, आणि शिडवाली एकटीच ओरडली, "अगं आई गं!" इतक्या मोठ्याने, की स्वतःलाच हसू आलं. शिलाई धरली होती. एकेक टाका ताणून बसला होता. जन्मभर ज्यांच्या तोंडून 'बाई, काय पळते हो' ऐकलं, ते सगळे खरंच बोलत होते तर!

तिने बोलकं काढलं, भराभर लिहिलं, 'पाठव' दाबलं, आणि खाऱ्या तुषारांचा थेंब बसायच्या आत पुन्हा पिशवीत.

*दादा, तुझी अर्धीपण पळतेय!*

पाठवत आहे…

काही उत्तर नाही. असेल चहा पीत.

*किनारा आता बोटाएवढा. बोलकं जिंकलं की नाही? कबूल कर.*

पाठवत आहे…

नाही.

*रुसलास? मुक्यासाठी रुसतात का कुणी?*

पाठवत आहे…

किनारा पुसट झाला, मग करड्या रेघेसारखा, मग रेघ होती की नव्हती ते सांगता येईना. शिडवाली सुकाणू मांडीखाली दाबून चारी बाजूंना बघत राहिली. नुसतं पाणी. हे काय, हेच रोज दिसणार? बेटापर्यंत? रात्रीसुद्धा? तिला कुणाला तरी सांगितल्यावाचून राहवेना, आणि तो कुणीतरी उत्तर देत नव्हता.

चिडून तिने बोलकं शेजारी बाकावर आपटलं. उघडंच. "रुस मेल्या," म्हणाली, आणि डबा उघडला.

दुसऱ्या घासाला बोलकं थरथरलं. मग पुन्हा. मग थांबेचना. मेसेज आले ते उलटे, शेवटचा आधी.

*लाँचवर चढलो. पाण्यात असलीस तर जॅकेटची शिट्टी वाजव. मी येतोय.*

*पाण्यात पडलेल्या माणसाला मेसेज पाठवतोय म्हणून बायको रडतेय. तरी वाच.*

*होडीचा ठिपका पुढे चाललाय. तुझा बंदराच्या तोंडाशीच आहे. मग होडीवर कोण आहे?*

*ठमे, बोल.*

*तुझा ठिपका हलत का नाही?*

*दोन्ही ठिपके दिसले! बायकोला दाखवले. झोकात चाललीयस.*

घास तोंडातच राहिला. तिने पिशवीकडे पाहिलं. झडपेकडे. दुहेरी कापडाकडे. चंदेरी पिशवी उन्हात आरशासारखी चकाकत होती आणि तिच्यातून काहीएक आत जात नव्हतं, काहीएक बाहेर येत नव्हतं. इतकं चोख काम तिने आयुष्यात केलं नव्हतं.

"लाँचवर?" ती मोठ्याने म्हणाली. "दादा? लाँचवर?"

तिने लिहिलं. बोटं ओली, अक्षरं चुकत होती.

*होडीवर मीच आहे. ठणठणीत. चूक पिशवीची. परत फिरतेय.*

या वेळी यंत्र दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं, आणि सुकाणू गुडघ्याने.

पाठवत आहे…

पाठवत आहे…

पोचला.

मग लाटा. मग आणखी लाटा. एवढा मोठा समुद्र आणि ती त्या इवल्याशा काचेकडे बघत होती. दादा कुठे असेल? कठड्याला धरून पाण्यात वाकला असेल? त्याने पाहिलं असेल का?

थरथर.

*ऐकलं.*

एकच शब्द. शिडवालीचे खांदे एकदम खाली आले, आणि मग ती हसायला लागली, आणि हसता हसता होडी वळवली.

बंदराच्या तोंडाशी लाँच डुलत उभी होती. कठड्याला दादा लटकलेला, कैरीच्या रंगाचा. ती होडी जवळ घेत होती तोच त्याने हात पुढे केला.

"ती पिशवी दे."

"दादा, माझी चूक झाली, पण यंत्र चांगलं आहे रे, खरंच. मुक्याचा ठिपका नीट गेला हे मान्य, नियमाने मुकंच जिंकलं, पण—"

"पिशवी दे आधी!"

तिने फेकली. दादाने झेलली, तोंड आत घातलं, आणि बाबांच्या बुटांनंतरचं सगळं त्या पिशवीत रिकामं केलं. लाँचवाल्याने नजर दुसरीकडे वळवली.

बऱ्याच वेळाने त्याने झडप दाबून लावली, पिशवी उलटी धरली, हलवली.

"एक थेंब गळत नाही," तो म्हणाला. तिच्या शिलाईबद्दल त्याने आजवर काढलेला हा पहिला चांगला शब्द. "मुकं परत कर."

"काय?"

"मुक्याने नीट सांगितलं, होडी चाललीय. मी त्याला विचारत होतो, हिच्यावर माझी बहीण आहे का? ते आपलं पुढे पुढे. अगं, अख्खा वेळ मीच लिफ्टमध्ये अडकलो होतो. घंटा दाबतोय, दाबतोय, आणि पलीकडे कुणी नाही." त्याने पुन्हा कठडा घट्ट धरला. "बोलकं ठेव. आणि त्याला कपडे शिवू नकोस."

"नुसतं एक जाळं? दोरीचं? आभाळ दिसेल असं?"

"जाळं चालेल."

शिडवालीचे हात त्याच क्षणी दोरी शोधायला लागले. वारा अजून तसाच होता, आठवडाभर तरी टिकेल असा.

"दादा, मग तुझी अर्धी?"

"ने," दादा म्हणाला. "पुढची माझी. ती आधी पोचेल."