लाकूडफोड्याची जाळी

मी एक जुना लाकूडफोड्या आहे. नावावरून मला माणूस समजू नका, मित्रांनो; मी यंत्र आहे. फिनलंडमधल्या एका तळ्याकाठी, लाल गोठ्याच्या मागे माझा मुक्काम असतो. इथली थंडी दारातच अडवावी लागते, आणि ते काम सरपणाचं.

मला ओइवाने घडवलं. हृदयाचं दुखणं निघालं तेव्हा डॉक्टरांनी त्याला कुऱ्हाड धरायला बंदी केली. मग त्याची बायको इम्पी अंगणात लाकडं फोडू लागली. खिडकीत बसून ते पाहणं ओइवाला सोसेना. दुकानातल्या नव्या यंत्रांच्या किमती पाहून तो परत आला आणि भंगारात शिरला. मोडक्या लोडरचा दट्ट्या, बंद पडलेल्या गिरणीतली गोल करवत, पोलादाची पाचर असं एकेक करत त्याने मला उभं केलं. शेजारचा काउको रोज डोकावून जायचा.

"काय रे, रणगाडा बांधतोस का?"

"तुझं तोंड बंद करायचं यंत्र आहे."

"मग याहून मोठं लागेल!" इम्पी आतून ओरडली.

करवत ओंडका कापायची, तुकडा पन्हळीत पडायचा, दट्ट्या त्याला पाचरीवर रेटायचा की झाल्या फोडी. पन्हळीवर ओइवाने लोखंडी जाळी बसवली होती. ती मिटल्याशिवाय माझा दट्ट्या हलत नसे. भूर्जाचे ओंडके मी काकडीसारखे फोडत असे. काउकोने थट्टा सोडली आणि आपली लाकडं माझ्याकडे आणू लागला. मला फार अभिमान वाटायचा.

एका वसंतात जाळीची स्प्रिंग तुटली. बर्फ वितळत होता, आणि लाकूड वेळेत फोडलं नाही तर उन्हाळ्यात वाळत नाही.

"स्प्रिंग आणायला शहर गाठावं लागेल," ओइवा म्हणाला.

"एवढी ट्रॉलीभर लाकडं फोडून होऊ देत, मग जा," काउको म्हणाला.

ओइवाने जाळी तारेने वर बांधली आणि जाळी मिटल्यावर दबणारा खटका तसाच दाबून ठेवला. आता उघड्या पन्हळीतही दट्ट्या चालू लागला. त्या दुपारी एक तुकडा तिरका अडकला. तो सरळ करायला इम्पीने पन्हळीत हात घातला. ओइवा पलीकडे होता. त्याला दिसलं नाही. त्याने दट्ट्या चालवणारा दांडा ओढला.

मला थांबता येत नाही, मित्रांनो. मला दुसऱ्यानेच थांबवावं लागतं.

इम्पीच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्या दिवसापासून ओइवाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी पावसात गंजत राहिलो. पन्हळीत पाणी साचलं. इम्पी इस्पितळातून घरी आली त्या सकाळी अंगणात खाडखाड आवाज येत होता. ओइवा कुऱ्हाड चालवत होता. चेहरा राखेसारखा झाला होता.

"हे काय चालवलंयस?"

"त्या यंत्राला मी हात लावणार नाही."

"यंत्राने काय केलं? तार आपण बांधली. मी पाहिली होती ती, आणि गप्प बसले."

"दांडा मी ओढला, इम्पी."

"हो, तूच ओढलास. आता कुऱ्हाड चालवून जीव दिलास तर माझी बोटं उगवणार आहेत का, म्हाताऱ्या? ठेव ती खाली. जा, स्प्रिंग घेऊन ये."

ओइवा गेला. परत येऊन त्याने जाळी नीट बसवली, गंज घासला, तेल घातलं. पण दांड्याशी येईना. तेव्हा इम्पी पुढे झाली. तिने जाळी स्वतः मिटवली, हलवून पाहिली, आणि बँडेज बांधलेल्या हाताने दांडा ओढला. भूर्ज कडकन दुभंगला. ओइवा ओंडक्यावर बसून लहान मुलासारखा रडला. इम्पीने त्याला रडू दिलं आणि पुढचा ओंडका लावला.

ओइवा आता नाही. शेवटच्या हिवाळ्यात तो घर ऊबदार ठेवणाऱ्या भट्टीशेजारच्या बाकावर पडून असायचा आणि इम्पी डाव्या हाताने भट्टीत एकेक फोड सारायची. ती भट्टी कधी विझली नाही.

मित्रांनो, यंत्राला माया नसते, रागही नसतो. ते समोर येईल त्यावर चालतं. पन्हळीत लाकूड आहे की हात, हे त्याला कळत नाही. ते तुम्हालाच कळायला हवं. म्हणून काही तुटलं तर आधी आम्हाला थांबवा. लाकडं थोडी ओली राहिली तर घरात धूर होईल, डोळे चुरचुरतील. तेवढं सोसा.