दोन वाजताची मीटिंग

"अक्का, तुमचा माईक बंद आहे," हितेंद्र तिसऱ्यांदा म्हणाला.

पडद्यावर बेबाबाईअक्कांचे ओठ हलत होते. मग आवाज आला. "म्हंजे मी इतलं बोलनू, ते बठ्ठं वाया गयं का?"

हितेंद्र हसला. मी नाही. बाळ चार महिन्यांचं होतं. ते झाल्यापासून माझं हसू आणि रडू कुठंतरी ठेवून विसरल्यासारखं झालं होतं.

ऑनलाइन एम.ए.च्या गटकार्यात आम्ही तिघं. मी, कामिनी, पहूरची, हितेंद्र जामनेरच्या एका वाचनालयातला, अक्का धुळ्याजवळच्या खेड्यातल्या अंगणवाडी सेविका. समोरासमोर कधी भेटलो नव्हतो.

"मी सोडतेय," मी म्हटलं. "माझ्या वाट्याच्या बाळंतिणींच्या मुलाखती माझ्याच्यानं व्हायच्या नाहीत. नाव काढा माझं."

अक्का तूरडाळ निवडत होत्या. हात थांबले नाहीत. "जेवनी का?"

"नाही."

"मंग ताट लीसन बैस. बोलू नको काही. रोज दोनला हाई मीटिंग नुसती लाई ठेव."

मग रोज दोनला अक्कांच्या फोनात घंटी वाजायची आणि त्या मीटिंग लावायच्या. हितेंद्र पुस्तकांना चिठ्ठ्या चिकटवायचा. अक्का डाळ निवडायच्या. मी फोन पालथा ठेवून बाळाला पाजायची. मध्येच अक्कांचा आवाज यायचा, "रडू दे त्याले जराखं. तू घास खाय."

एम.ए.च्या मॅडम म्हणाल्या होत्या, सादरीकरणाला प्रत्येकाजवळ सगळे भाग हवेत. फाईल पाठवायची, एवढंच. पण अक्कांनी सगळं हातानं लिहिलं. तिघांसाठी तीनदा. माझी वही धुळ्याहून येणाऱ्या एसटीत कंडक्टरजवळ दिली, मेथीच्या लाडवांच्या डब्याखाली. वही मी उघडली नाही. लाडू कडू आहेत हे कळलं, तेवढंच.

सादरीकरणाला नऊ दिवस उरले असताना अक्का गेल्या. अंगणवाडीतच, खिचडी वाढताना. हितेंद्रचा फोन आला. मी "बरं" म्हटलं आणि लंगोट वाळत घातले.

त्यानंतर दोनला कुणी काही लावलं नाही.

"त्यांचं नाव काढलं तरी चालेल," मॅडम हळूच म्हणाल्या. तेव्हा मी वही उघडली. माझ्या भागाची पानं भरलेली होती. सहा बाळंतिणी, सहा मुलाखती. वर लिहिलेलं, 'कामिनीला बोलता नाही आलं तर हितेंद्रने वाचावे.' शेवटी सातवी, बिननावाची: 'पहूर. पहिलं बाळंतपण. हसत नाही. पण रोज दोनला येते.'

सादरीकरणात सातही मीच वाचल्या. आवाज कोरडा होता. हितेंद्रनं अक्कांचा भाग वाचला. पहिल्या पानावर नावं तिन्ही ठेवली.

दुसऱ्या दिवशी दोनला मी मीटिंग लावली. हितेंद्र आधीच होता, हातात गोंदाचा ब्रश. थोड्या वेळानं तिसरा चौकोन उघडला. खाली अक्कांचं नाव. आत डोक्यावर पदर घेतलेली एक तरुण बाई.

"मी त्यास्नी सून. आत्यास्ना फोनमां रोज दोनला घंटी वाजस. आज हाई दाबं, तं तुम्ही दिसनात. काय करू मी?"

हितेंद्रनं मान खाली घातली.

"जेवलात का?" मी विचारलं.

"नई."

"मग ताट घेऊन बसा. बोलू नका काही. नुसतं लावून ठेवा."

तिनं फोन डाळीच्या डब्याला टेकवला. मी माझा सरळ उभा केला.