चूल की गॅस

बायको प्रयागबाई गेल्याचा फोन बारामतीच्या दवाखान्यातून आला, तेव्हा गेणबा तिच्यासाठी डब्याची भाकरी थापत होता. जन्मात पहिल्यांदाच. चुलीत फुंकून फुंकून त्याचा जीव कासावीस झाला होता. शेजारच्या गॅसच्या शेगडीवर बाईनं विणलेलं झाकण तसंच होतं. गॅस पाहुण्यांच्या चहापुरता. 'गॅसच्या भाकरीला चव न्हाय' हे म्हणणं गेणबाचंच, आणि बाईनं ते मरेपर्यंत ऐकलं.

महिन्याभरानं बारामतीच्या आरोग्य पाहणीच्या ऑफिसातली वैदेही आली. चार वर्षांपूर्वी तिच्या ऑफिसातल्या लोकांनी इथं शेळगावात बायकांना नळीत फुंकायला लावून फुफ्फुसं तपासली होती. आता तशा अकरा ठिकाणच्या पाहण्या एकत्र करायच्या होत्या. म्हणून कोण आहे, कोण नाही, ते विचारत ती हिंडत होती.

"एका गावातून फारसं कळत नाही, आबा. सगळ्यांचं एकत्र केलं की धूर किती नडतो ते दिसतं."

"दिसंलच की. तिनं बिडी कधी शिवली न्हाय. निस्ता धूर खाल्ला."

वैदेहीनं टॅबमध्ये बघितलं. "इथं तर गॅस लिहिलंय."

गेणबाला आठवलं. पाहणीवाल्यानं विचारलं होतं, स्वयंपाक कशावर? बाई तोंड उघडायच्या आत ओट्यावरून हाच बोलला होता, "गॅस हाय की आमच्यात." चूल सांगायची लाज.

"मग खोडा ते."

"मला नाही खोडता येत. उत्तर त्यांच्या नावावर आहे. बदलायचं तर त्यांनीच."

"ती कुठनं येनार आता? आन् तवा तरी तिला कुनी इचारलं हुतं?"

वैदेहीनं अर्ज करायला सांगितलं. गेणबानं बारामतीला तीन खेपा घातल्या. एकदा साहेब जागेवर नव्हते. एकदा मृत्यूचा दाखला राहिला. तिसऱ्यांदा साहेब म्हणाले, "एकट्या तुमच्यानं काय फरक पडतो? गावात आणखी कुणाचं चुकलंय का बघा."

म्हणजे यांचं कामही आपणच करायचं. गेणबा चरफडत गावात फिरला.

दादासो म्हणाला, "कशाला उकरतोस? माझ्यात गॅस हाय."

"मग आतनं धूर कशाचा येतोय?"

"आंघुळीचं पानी तापतंय."

"दुपारी तीनला?"

दादासोची बायको सारजा पदरानं डोळे पुसत, खोकत बाहेर आली. "भावजी, माझं लिवा. चूल."

"तू गप," दादासो म्हणाला.

"तवा गपच हुते की."

सारजा धरून नऊ बायका निघाल्या. गेणबानं नावं नेऊन दिली. वैदेहीनं घरोघर येऊन त्यांना पुन्हा विचारलं आणि त्यांची उत्तरं बदलून घेतली.

प्रयागबाईचा अर्ज पुण्याला पाठवलाय म्हणतात. त्याला पाच महिने झाले. तिच्या नावापुढं अजून गॅसच आहे.