पंधरा की पंचवीस

बाइंडरबाईंचा हात कधी चुकत नसे. छापखान्याच्या मागच्या खोलीत त्या बावीस वर्षं पुस्तकं बांधत होत्या, आणि जाड गठ्ठ्याची कड कापतानाही रेघ केसभर हलायची नाही. डाव्या स्तनातली गाठ त्यांनी स्वतःच हेरली, ऑपरेशनची तारीखही स्वतःच ठरवली. गाठ लहान होती. ती निघाली, काखेतल्या ग्रंथीही स्वच्छ आल्या. आता राहिलं होतं रेडिएशन, म्हणजे घरच्यांच्या भाषेत शेक.

टाके दाखवायला गेल्या त्या दिवशी नर्स आत ते तपासत असताना डॉक्टर बाहेर नवऱ्याशी बोलले. बाई पदर सावरत आल्या, तेव्हा नवरा म्हणाला की पंचवीस दिवस यायचंय, पाच आठवडे. बाईंना वाटलं, नियमच असेल. त्यांनी तो जिथे बोट ठेवील तिथे सह्या केल्या.

पुढच्या आठवड्यात मापं घ्यायला बोलावलं. मशीनच्या थंड फळीवर हात डोक्यावर घेऊन त्या पडल्या होत्या आणि टेक्निशियन मुलगी छातीवर बारीक ठिपके गोंदत होती. बोलता बोलता ती सहज म्हणाली, "हल्ली तुमच्यासारख्या बहुतेक जणी पंधराच घेतात. तुम्ही पंचवीस का निवडले?"

"मी निवडले?"

मुलगी गडबडली. कागदावर तसं लिहिलंय, म्हणाली.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ठिपके पुरे होईपर्यंत त्या हलल्या नाहीत, कारण हलल्या असत्या तर माप चुकलं असतं. मग ब्लाउज घातला आणि बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. शेजारी नणंद होती, सगळे तिला आक्का म्हणत.

"पंधराचंही होतं म्हणे."

नवऱ्याने आक्कांकडे पाहिलं. आक्काच म्हणाल्या की औषधात कसर कशाला, अर्धवट शेकाने आग विझत नाही, आपण घरी बसून ठरवलं. आपण म्हणजे कोण, हे विचारायची गरजच उरली नाही. घरचे ठरवायला बसले तेव्हा बाई ऑपरेशनच्या टाक्यांसकट आतल्या खोलीत झोपल्या होत्या.

डॉक्टरांच्या दारावर त्यांनी टकटक केली आणि या म्हणायच्या आत त्या आत गेल्या. नवरा मागे धावला. डॉक्टरांनी सवयीने त्याच्याकडे पाहून बोलायला सुरुवात केली.

"इकडे बघा," बाई म्हणाल्या. "छाती माझी आहे."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि मग सगळं नीट सांगितलं. पंधरा दिवसांत रोजचा डोस थोडा जास्त, एकूण मात्र कमी. बाईंच्या गाठीसारख्या केसमध्ये आजार परतण्याचा धोका दोन्हींत सारखाच, आणि कातडीचा त्रास पंधरात बहुधा कमी. काहींना पंचवीस लागतात, बाईंना तसं कारण नव्हतं.

"हे यांना सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं. ऑपरेशन झाल्यावर लगेच. टाके तपासले त्या दिवशी ते म्हणाले, घरचे पंचवीसच म्हणतायत."

नवरा खाली मान घालून म्हणाला, "आईचे शेक आम्ही मधेच सोडले होते. ती गेली. मला कमी काहीच नको होतं."

बाईंना त्याची कीव आली आणि रागही तसाच राहिला. दोन्ही एकाच वेळी पोटात मावतात, हे त्यांना माहीत नव्हतं.

"सासूबाईंचे दिवस तुमच्या मनावर आहेत, ते माझ्या अंगावर नका टाकू. आणि भीती वाटत होती तर मला सांगायचं, मलाही वाटतच होती की."

त्यांना स्वतःचाही संताप आला होता. आयुष्यभर पानं हाताळली आणि आपलाच कागद न वाचता सही केली. त्यांनी नवा फॉर्म मागवला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, दोन शब्द विचारून घेतले. आक्का दारात येऊन उभ्या राहिल्या, तोपर्यंत पंधरावर खूण झाली होती.

आक्का पंधरवडाभर बोलल्या नाहीत. ते बाईंना चांगलंच मानवलं.

तीन आठवडे त्या रोज सकाळी आधी शेक घेऊन मग छापखान्यात गेल्या. दहाव्या दिवसानंतर कातडी लाल झाली, थकवा इतका की दुपारी टेबलावरच डोकं टेकायचं. नवरा रोज सोबत यायचा, बाहेर बसायचा. त्याने एकदा माफी मागितली. बाई म्हणाल्या, "ऐकलं." माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत.

पंधराव्या दिवशी टेक्निशियन मुलीने झालं म्हणून सांगितलं. बाईंनी तिचा हात घट्ट दाबला. बाहेर नवरा उठून उभा राहिला आणि त्याने त्यांची पिशवी घेतली. पुढची तपासणी कधी ठेवायची, हे त्याने त्यांनाच विचारलं. त्यांनी तारीख सांगितली.