जन्मवेळ देणार नाही

विश्वजीतसरांच्या पत्रिकेत मंगळावर शनीची दृष्टी होती आणि तिचा त्रास ऑफिसातल्या चौदा माणसांना होत होता.

धायरीतली जमीन विकून सरांनी दोन हजार दोन साली सिंहगड रोडला सॉफ्टवेअर कंपनी काढली. पहिली दोन मोठी कामं हातची गेली, तेव्हा ज्योतिषाने सांगितलं, मंगळ तुम्हाला पुढे रेटतो आणि शनी मागून लगाम ओढतो. वेळा पाळा, नाहीतर धंदा बसेल. तेव्हापासून रोजच्या राहुकाळात दीड तास कीबोर्डला हात लावायचा नाही, फोन वाजला तरी उचलायचा नाही, असा नियम झाला. मंगळवारी नवं काम बंद. लोकांनी जुळवून घेतलं. कोणी डबा खाऊन घेई, कोणी बँकेत जाऊन येई. सगळ्यांत वयस्कर ज्ञानदेव तर टेबलावर डोकं टेकून चक्क घोरत. बुडालेलं काम मग सगळे संध्याकाळी थांबून उरकत.

चैतालीला हे पहिल्या दिवसापासून खटकत होतं. तिच्या आजोबांनी छप्पन्न साली धम्म स्वीकारला, तेव्हापासून घरात कोणाची पत्रिकाच नव्हती. विश्रांतवाडीहून दोन बस बदलून ती वेळेवर पोचायची आणि मग हात बांधून बसायची.

एका शनिवारी सव्वानऊला फोन वाजला. राहुकाळ साडेदहापर्यंत होता. फोन थांबला, पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा चैताली उठली.

"अहो, नका उचलू," ज्ञानदेव दबक्या आवाजात म्हणाले.

तिने उचलला. कंपनीचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या सातारा जिल्ह्यातल्या एका रक्तपेढीतून सुशीलाबाई बोलत होत्या. "बाळंतिणीला रक्तस्राव होतोय हो! पिशव्या फ्रीजमध्ये आहेत, पण कुठली तपासून झालीय ते कॉम्प्युटर दाखवतच नाही. काल तुम्ही नवीन काहीतरी टाकलंत, तेव्हापासून हे असं!"

"फोन ठेवू नका. मी सांगते तसं करा."

चैतालीने कॉम्प्युटर चालू केला. वीस मिनिटं ती एकेक पायरी सांगत गेली. पलीकडून "आली, यादी आली!" असं ऐकू आलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं, की सर केबिनच्या दारात उभे आहेत.

"वेळ बघितलीत का?" त्यांनी विचारलं.

"बघितली. तिथे बाळंतिणीला रक्त हवं होतं. साडेदहापर्यंत कशी थांबणार?"

सोमवारी सगळ्यांना एक फॉर्म मिळाला. जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ. सरांना प्रत्येकाची पत्रिका आपल्या पत्रिकेशी जुळवून बघायची होती. चैतालीने सोबत माफीचं पत्रही द्यायचं होतं.

घरी तिने वडिलांना जन्मवेळ विचारली. दशरथ खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते. "पहाटे चार दहा. पाठ आहे मला," ते म्हणाले. "पण कशाला हवीय?"

तिने सगळं सांगितलं. ते म्हणाले, "नोकरी तुझी आहे बाळा. देऊ नकोस असं मी म्हणणार नाही. पण नाही दिलीस तर मला बरं वाटेल."

दुसऱ्या दिवशी तिने फॉर्म भरला. जन्मवेळेच्या रकान्यात लिहिलं: माहीत आहे. देणार नाही. माफीचं पत्र जोडलंच नाही.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "नियम पाळायचे नसतील तर राजीनामा द्या."

"मी राजीनामा देणार नाही. तुम्ही काढून टाका."

"काढतोच!"

"पत्र द्या मग. आणि त्यात कारण लिहा, सर. मंगळावर शनीची दृष्टी असताना रक्तपेढीचा फोन घेतला म्हणून काढलं. खाली तुमची सही करा."

सरांनी खरोखर पेन उघडलं. कागद ओढला. तारीख टाकली. मग हात थांबला. त्यांनी पेनाला टोपण लावलं. शेवटी मान वर न करता म्हणाले, "त्या बाळंतीण बाईंचं काय झालं?"

"वाचल्या. मुलगी झाली."

"जा तुम्ही."

पत्र आलं नाही. पुढचे चार महिने चैतालीला कुठलंही नवं काम मिळालं नाही, पगारवाढही नाही. ती मात्र रोज राहुकाळात कॉम्प्युटर चालू ठेवून फोन घेत राहिली. आधी एकटीच. दिवाळीनंतर ज्ञानदेवांनी आपली खुर्ची तिच्या शेजारी आणली आणि विचारलं, "मला जरा ते रक्तपेढीचं शिकवता का?"

मग एकेक करून बाकीचेही फोन उचलू लागले. सर आपल्या वेळा पाळत राहिले, पण केबिनचं दार लावून, एकटेच.