एका चुलीची साक्ष

धनसिंग नायकाने अंगठा शाईत बुडवला आणि तलावासाठी जमिनी देण्याच्या संमतीच्या कागदावर टेकवणार, तोच रामीबाई म्हणाली, "थांबा जरा, नायक. मले एक इचारू द्या."

पंच बाजेवर, बाया खाली. बैठकीत बाईने असे मध्येच बोलायचे म्हणजे अतीच झाले! पण तलाव झाला तर पहिले तिचेच वावर बुडणार होते, आणि नायकाचा अंगठा म्हणजे सगळ्या तांड्याचा. मार्चअखेर संमती दिली नाही तर बदली जमीन मिळायची नाही, असे पेपरात आले होते. प्रेमसिंग मास्तराने पुसदहून एक सोडून चार पेपर आणले होते आणि चारींत तेच होते.

"मास्तर, हे चारी पेपर कोन्या चुलीचे?"

प्रेमसिंगाला हसू आले. तांड्याच्या न्यायात एका चुलीची साक्ष एकच. बाप, लेक, सून तिघांनी शपथ घेतली तरी एकच धरायची. एका हंडीतले खाणारे एकमेकांना खोटे कसे पाडतील?

"याडी, पेपरले कुठून आली चूल?" तिला आई म्हणून हाक मारत तो म्हणाला.

"मालक तं असन ना?"

मास्तराचे हसू थांबले. सरकारच्या नियमाने पेपरवाले दर मार्चला मालकाचे नाव छापतात, एवढे त्याला ठाऊक होते. बारीक अक्षरांतला तो मजकूर मात्र त्याने आजवर खुशाल सोडून दिला होता. आता तो पाने उलटू लागला. पहिल्याचा मालक नागपूरचा एक शेठ. दुसऱ्याचा संपादक वेगळा, छापखाना वेगळा, मालक तोच. तिसऱ्याचाही तोच. चौथ्याची मालक एक कंपनी निघाली, तेव्हा त्याला बरे वाटले. मग त्याने खाली भागीदारांची यादी वाचली. शेठ, शेठची बायको, शेठचा भाऊ.

"अरे बापरे!" मास्तर म्हणाला. "तलावाच्या कामावर पाटी लागली ना, ठेकेदाराची? तिच्यावर बी हेच नाव हाये."

"तवे चार, चूल एक," रामीबाई म्हणाली.

धनसिंगाने अंगठा धोतराला पुसला. "मास्तर, उद्या तहसिलीत जाऊन खरं काय ते इचारून ये."

"आता कायले?" नायकाचा भाऊ हिरासिंग तडकला. "पाच पंचातले चार राजी हाये. झालं ना!"

रामीबाईने त्या चौघांकडे पाहिले. तिला भीती वाटत होती, पण वावर त्याहून मोठे होते.

"नायक, रागावू नका. तुमी चौघं भाऊ जेवता कुठी?"

हिरासिंग उठायला लागला, तसा धनसिंगाने त्याचा हात धरून त्याला खाली बसवले. नायकाचा चेहरा लालबुंद झाला होता. मग बाजेवर सरकून त्याने जागा केली.

"ये, रामीबाई. पंचात बस."

आजवर कोणतीच बाई तिथे बसली नव्हती. रामीबाई उठली, पदर सारखा केला, पण बसली नाही.

"पहिले सुखीबाईले बलवा, बाबुलालले बलवा, त्या कडंच्या झोपडीतल्या उकंडाले बी बलवा," तीन वेगळ्या चुलींची नावे घेत ती म्हणाली. "माही बी चूल एकच हाये."