हळदीआधीची सुई

माझी धाकटी बहीण कीर्ती लग्नाच्या पाच दिवस आधी तोंडाला ओढणी गुंडाळून घरी आली. मे महिन्याच्या उन्हात सगळ्याच बायका गुंडाळतात, पण घरात आल्यावर सोडतात की नाही? ही सोडेना. शेवटी मीच ओढली. नाकाच्या दोन्ही बाजूंनी ओठांच्या कोपऱ्यांपर्यंत सूज आणि लाल टिपके.

"अगं बाई! हे काय करून आलीस?"

"ओरडू नकोस ताई. फिलर म्हणतात. हसताना ह्या ज्या रेघा पडतात ना, त्यांत सुईने जेल भरतात. हायल्युरॉनिक ॲसिड. वर्षभर टिकतं."

ॲसिड! मग तिने मला समजावलं की ते जळणारं ॲसिड नव्हे, आपल्या अंगात असतंच. असेना का. मला किळस आली ती आलीच. बत्तीस वर्षांची शिक्षिका, वर्गातल्या पोरांना हसवून हसवून पाढे शिकवणारी, आणि पैसे मोजून हसल्याच्या खुणा बुजवून आली.

कशापायी, ते मला ठाऊक होतं. साखरपुड्यात तिच्या होणाऱ्या सासूने, गंगाबाईने, सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "पोरगी हसली का थोराड दिसते. माज्या कुंदनची मोटी बहीन वाटते." कुंदन म्हणजे नवरदेव. उरणजवळच्या द्रोणागिरीत एका गोदामात सुपरवायझर, कीर्तीहून दोन महिन्यांनी मोठा आणि डोक्यावर टक्कल. त्याच्या टकलाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नव्हता.

"डॉक्टरांनी पथ्य काय सांगितलं?" मी विचारलं.

"दोन आठवडे चोळायचं नाही, दाबायचं नाही."

"आणि हळद गं? चार दिवसांवर आलीय!"

"त्यांना सांगितलं मी. म्हणाले, हलक्या हाताने लावा."

हलक्या हाताने! तो डॉक्टर बाहेरचा, त्याला बिचाऱ्याला काय कल्पना? त्याच्याकडे हळद म्हणजे आंब्याच्या पानाने गालाला टेकवलेला ठिपका. आम्ही उरणकडचे कोळी. शहरात, खांदा कॉलनीत राहायला आलो म्हणून काही बदललो नाही. आमच्यात हळदीला अख्खी भावकी लोटते आणि नवरीचं तोंड कणकेसारखं तिंबून काढते. हे डॉक्टरला माहीत नव्हतं, पण हिला माहीत होतं. तरी हिने त्याला तेवढं सांगितलं नाही.

हळदीच्या दिवशी मी तिच्या पाटाला खेटूनच उभी राहिले. "पुरळ उठलंय तिला, हातापायाला लावा," असं सांगून सांगून माझा घसा बसला. आमच्या बायका कुरकुरल्या, पण ऐकलं त्यांनी. मग वाजतगाजत नवऱ्याकडची उष्टी हळद आली आणि ताट घेऊन पुढे गंगाबाई. मी आडवी आले.

"मामी, तोंडाला नको. पायाला लावा."

"काय म्हंतेस?" ताट तिच्या हातात तसंच राहिलं. "आमची हलद तुमाला चालत नाय?"

बँजो थांबला. पन्नास बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी अजून काही बोलणार, तोच कीर्तीने माझा पदर ओढला. "असू दे ताई. लावू दे त्यांना."

गंगाबाईने दोन्ही पंजे भरून हळद घेतली आणि चोळली. नाकापासून हनुवटीपर्यंत, अंगठे रुतवून, माझ्याकडे बघत बघत. कीर्तीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बायका म्हणाल्या, माहेर सुटणार ना, म्हणून रडतेय.

सकाळी तिचं तोंड बघवेना. डावीकडचं जेल सरकून ओठाच्या वर बोराएवढी गाठ आली होती, गाल टरारून लाल झाला होता. त्यात कुणीतरी चोंबडेपणा केला आणि नऊच्या आत गंगाबाई कुंदनला घेऊन आमच्या दारात हजर.

"रोग लपवला!" ती जिन्यातूनच ओरडत आली. "पुरल सांगितला आनि हा निंगला! आमाला फसवलं! डाक्टरची चिठ्ठी आना, नायतर लगीन नाय!"

मला सगळं सांगून टाकायचं होतं, पण कीर्ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती कुंदनकडे बघत होती. तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता.

"कुंदन, सांग ना आईंना," ती म्हणाली.

त्याने मान वर केली नाही. तिने दोनदा म्हटलं. मग उठून स्वतःचा फोन आणला आणि माझ्या हातात दिला. "ताई, वाच. मोठ्याने."

मी वाचलं. "मंगळवारी चारची वेळ घेतलीय. हळदीच्या आधी करून टाक, फोटोत रेघा नकोत. आईला कळू देऊ नकोस." वर कुंदनचं नाव.

म्हणजे हा! मी गेले पाच दिवस त्या म्हातारीला मनातल्या मनात शिव्या घालत होते, आणि सुई टोचायला पाठवणारा हा. वर आईने चारचौघांत रोगी म्हटलं तरी तोंडाला कुलूप लावून बसलेला. शी! असला माणूस आम्ही शोधून शोधून आणला होता.

गंगाबाई पोराकडे वळली. मला वाटलं, आता पोराचा कान धरेल. कसलं काय! "तो तुज्या चांगल्यासाटीच बोलला असंल," म्हणाली आणि डोक्यावरचा पदर नीट करू लागली.

"ताई, रिक्षा बोलाव," कीर्ती म्हणाली. "डॉक्टर हे विरघळवायचं इंजेक्शन देतात. मला हे काढून टाकायचंय. आत्ताच्या आत्ता."

तेव्हा कुठे कुंदनने तोंड उघडलं. "हो, हो, जा! मुहूर्त सहा चाळीसचा आहे. तोवर सूज उतरेल ना? नाहीतर फोटोग्राफरला उजवीकडूनच घ्यायला सांगतो."

कीर्ती चपला घालता घालता थांबली. "मुहूर्ताचं तू बघ," ती म्हणाली. "मी येणार नाही." आणि जिना उतरली.

रिक्षा हायवेला लागेपर्यंत मी किळस कशीबशी आवरून धरली. मग थांबवायला सांगितली आणि रस्त्याच्या कडेला भडाभडा ओकले. कीर्ती खाली उतरून माझी पाठ चोळत होती. हलक्या हाताने.